ज्युरीचं समन्स आलंय, आणि इंग्रजीची धास्ती वाटते

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. वय ५३, मूळ सातारा जिल्ह्यातल्या, शाळा मराठी माध्यमाची, पुढे बी.कॉम. अमेरिकेत येऊन १७ वर्षं झाली, एका पाळणाघरात नोकरी करतात. गेल्या वर्षी नागरिकत्वाची परीक्षा इंग्रजीतच दिली आणि पास झाल्या. आता काउंटीच्या म्हणजे जिल्ह्याच्या कोर्टाकडून ज्युरीचं, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटात बसण्यासाठीचं, समन्स आलं आहे. मुलगा म्हणतो, ‘इंग्रजी येत नाही यावर टिक कर, सुटशील.’ त्यांना ते पटत नाही. म्हणून त्यांनी कायद्याचा इंग्रजी-मराठी शब्दकोश मागवला आणि रोज रात्री शब्द पाठ करायला घेतले. पहिल्याच अक्षरावर अडकल्या आणि एका रात्री रडू आलं. आणखी एक गोष्ट त्यांनी घरी कुणाला सांगितलेली नाही. पोस्टाने आलेल्या मतपत्रिकेवर त्यांनी सगळ्यात वरच्या पदासाठी तेवढं मत दिलं आणि बाकीची पाटी कोरी ठेवली, कारण पुढचे शब्द कळले नाहीत. त्या विचारतात: हे शब्द शिकायचे कसे? खोटं टिक करून मोकळं व्हावं का? आणि निवड झालीच, तर बंद खोलीत ज्युरीतली बाकीची ११ माणसं भराभर बोलत असताना मी काय करायचं?

प्रिय ताई,

आधी मुलाने सुचवलेल्या वाटेबद्दल बोलू, कारण प्रश्नावली भरायची मुदत समन्सवरच छापलेली असते. त्या प्रश्नावलीत थोडक्याच गोष्टी विचारतात: १८ वर्षं पूर्ण आहेत का, अमेरिकेचे नागरिक आहात का, याच काउंटीत राहता का, इंग्रजी वाचता येतं आणि समजतं का, गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का. उत्तरं खरी असल्याची ग्वाही द्यावी लागते. तुम्ही नागरिकत्वाची मुलाखत इंग्रजीत दिलीत. पाळणाघरात रोज संध्याकाळी आईबापांना त्यांच्या मुलाने काय खाल्लं, कुठे पडलं, ताप किती होता हे इंग्रजीत सांगता. समन्स स्वतः वाचून त्यात काय लिहिलंय ते मला कळवलंत. मग ‘येत नाही’ हे उत्तर खरं ठरेल का? मला नाही वाटत, आणि तुम्हालाही वाटत नसावं, नाहीतर तुम्ही पत्र लिहिलंच नसतं. फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टांच्या कायद्यात तर मोजमापच दिलं आहे: ही प्रश्नावली नीट भरता येईल इतपत वाचता, लिहिता, समजता यावं आणि बोलता यावं. वकिलांचं इंग्रजी कुणी मागितलेलं नाही.

तुमच्यासारखंच समन्स आलेल्या इतरांसाठी इथे दोन शब्द. वय ५५ किंवा जास्त आणि ग्रीन कार्डावर १५ वर्षं झाली असतील, तर नागरिकत्वाच्या परीक्षेत इंग्रजीची सूट मिळते आणि प्रश्नांची उत्तरं दुभाष्यामार्फत मराठीतही देता येतात. अनेकांचे आईवडील असे नागरिक झाले आहेत. त्यांनी ‘इंग्रजी समजत नाही’ असं लिहिणं पूर्ण खरं आहे आणि त्यात कमीपणा कसलाच नाही. ज्यांच्याकडे अजून ग्रीन कार्डच आहे, त्यांनाही कधीकधी समन्स येतं, कारण ज्युरीच्या याद्या मतदारांबरोबरच ड्रायव्हिंग लायसन्सच्या नोंदींवरूनही करतात. त्यांनी ‘नागरिक नाही’ एवढं स्पष्ट लिहावं. आणि दुकानाबाहेर कुणी मतदार नोंदणीचा फॉर्म पुढे केला, तर नागरिक होईपर्यंत त्याला हात लावू नये. चुकून झालेली नोंदणी पुढे नागरिकत्वाच्या अर्जात आडवी येते, आणि मत दिलं असेल तर प्रकरण देश सोडण्यापर्यंत जाऊ शकतं.

आता तुमच्या धास्तीकडे येऊ. तिच्या मुळाशी एक समजूत आहे असं पत्र वाचताना वाटलं. ज्युरीत बसायचं तर कायदा कळला पाहिजे, आणि तो इंग्रजीत कळला पाहिजे, असं तुम्ही धरून चालला आहात. हे साहजिक आहे. आपल्या पिढीने ज्युरी पाहिलेलीच नाही. आपल्याला ऐकून माहीत आहे ती १९५९ ची नानावटी खटल्याची ज्युरी. तिने ८ विरुद्ध १ मतांनी ‘दोषी नाही’ म्हटलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे नानावटींना दोषी ठरवलं गेलं. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. सामान्य माणसाच्या हाती निकाल दिला की तो वाहवत जातो, ही भावना आपल्या मनात तिथून घट्ट बसली. अमेरिकेत मात्र कायदा सांगायचं काम न्यायाधीशाचं, आणि घडलं काय ते ठरवायचं काम ज्युरीचं, अशी वाटणी आहे. कोण खरं बोलतंय, कुणाच्या सांगण्यात फट आहे, हे ओळखायला कायद्याची पदवी लागत नाही. तुम्ही तर रोज दोन रडणाऱ्या मुलांच्या दोन वेगवेगळ्या हकिकती ऐकून नेमकं काय झालं ते शोधून काढता.

तरीही इंग्रजीची अट मला योग्य वाटते. त्याचं कारण आपल्याच इतिहासात आहे. जुलै १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. आरोप ‘केसरी’तल्या अग्रलेखांवरून होते, म्हणजे मराठी मजकुरावरून. ज्युरीत ९ माणसं होती, ७ युरोपियन आणि २ पारशी. त्यांच्यापुढे लेख गेले ते इंग्रजी भाषांतरात. भाषांतर चुकीचं आहे, शब्दांचे अर्थ वाकवले आहेत, हे सांगण्यात टिळकांना आपल्या बचावाचा मोठा वेळ घालवावा लागला. निकाल ७ विरुद्ध २ असा आला आणि ६ वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. निकालानंतर टिळक जे बोलले ते त्या न्यायालयात आज कोरून लावलेलं आहे. पण मला नेहमी आठवतो तो आधीचा भाग: आपलं म्हणणं ज्यांच्या भाषेत नाही, त्यांच्यापुढे उभं राहून शब्दाशब्दासाठी झगडणारा माणूस. इंग्रजीची अट तुमची परीक्षा घ्यायला ठेवलेली नाही. समोरच्या बाकावर बसलेल्या माणसाला आपलं म्हणणं समजून घेतलं जाईल याची खात्री हवी असते, त्याच्यासाठी ती आहे. हे एकदा मनात ठरलं की ‘मला समजलं नाही’ म्हणणं ही नामुष्की वाटेनाशी होते. त्या माणसासाठी तुम्ही एवढं करायलाच हवं.

मग शिकायचं काय? शब्दकोश कपाटात ठेवून द्या. पहिल्या पानापासून पाठ करत गेलात तर तुमच्या खटल्यात कधीच न येणारे शेकडो शब्द डोक्यात जातील, आणि पहिल्या दिवशी तुम्हाला विचारलं जाईल ते त्यात नसेलच.

त्या पहिल्या दिवसाचं सांगते. सकाळी मोठ्या हॉलमध्ये बसवतात, बराच वेळ नुसतं थांबावं लागतं. मग काही जणांना एका कोर्टरूममध्ये नेतात आणि निवड सुरू होते. तिचं नाव ‘व्हुआर डीर’ असं अवघड आहे, पण आत विचारतात ते अगदी घरगुती असतं. न्यू जर्सीच्या फौजदारी खटल्यांतल्या ठरलेल्या प्रश्नांत असं सगळं येतं: काम काय करता, घरी कोण कोण आहे, टीव्हीवर काय बघता, बातम्या कुठून कळतात, मोकळ्या वेळात काय करता, गाडीवर काही स्टिकर लावलाय का! याशिवाय: यातल्या कुणाला ओळखता का, पोलिसाची साक्ष इतरांपेक्षा जास्त किंवा कमी खरी मानाल का, निःपक्षपणे ठरवू शकाल का. हे प्रश्न छापील कागदावर हातात मिळण्याची पद्धत आहे. या उत्तरांची तयारी करा. तुमच्याबद्दलची पाच-सहा वाक्यं मोठ्याने म्हणा, आरशासमोर नको, मुलासमोर. आणि तिथे न्यायाधीशांना सरळ सांगा, ‘इंग्लिश इज माय सेकंड लँग्वेज. आय अंडरस्टँड मोस्ट थिंग्ज, बट आय मे आस्क यू टू रिपीट.’ तुमचं इंग्रजी त्या खटल्याला पुरेसं आहे की नाही हे मग ते ठरवतील. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या लांबलचक खटल्यात ते कदाचित तुम्हाला घरी पाठवतील, साध्या अपघाताच्या दाव्यात ठेवून घेतील. कुणाला का वगळलं हे बऱ्याचदा सांगतही नाहीत. ते मनाला लावून घेऊ नका.

शब्द शिकायची माझी पद्धत अशी, की माणसापासून सुरुवात करायची. वाचनालयातल्या मोठ्यांच्या इंग्रजी वर्गात मी हीच वापरते. कागदावर कोर्टरूम काढा. उंचावर न्यायाधीश, त्या जागेला ‘बेंच’. शेजारी साक्षीदाराची खुर्ची, ‘विटनेस स्टँड’. एका बाजूला ज्युरीचा कठडा. समोर दोन टेबलं. फौजदारी खटला असेल तर एका टेबलाशी सरकारी वकील म्हणजे ‘प्रॉसिक्यूटर’, दुसऱ्याशी आरोपी म्हणजे ‘डिफेंडंट’ आणि त्याचा वकील. दिवाणी दावा असेल तर सरकारी वकिलाच्या जागी दावा लावणारा ‘प्लेंटिफ’. आता प्रत्येकाच्या तोंडी त्याची वाक्यं घाला. वकील ताडकन उठून ‘ऑब्जेक्शन!’ म्हणतो. न्यायाधीश ‘सस्टेन्ड’ म्हणाले तर हरकत मान्य, तो प्रश्न गेला. ‘ओव्हररूल्ड’ म्हणाले तर हरकत फेटाळली, साक्षीदाराने उत्तर द्यायचं. ‘डिसरिगार्ड’ म्हणाले तर कानावर पडलेलं ते उत्तर तुम्ही मोजणीत धरायचं नाही. दिवसभरात हेच शब्द इतक्या वेळा येतात की जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते ओळखीचे होतात.

एका गोष्टीने नवख्यांची फार घालमेल होते, म्हणून आधीच सांगते. मध्येच वकील न्यायाधीशांच्या बाकाजवळ जातात आणि सगळे कुजबुजतात. याला ‘साइडबार’ म्हणतात. काही कोर्टांत तेवढ्यापुरता खरखरीचा आवाजसुद्धा लावतात. आपलं इंग्रजी कच्चं असलं की वाटतं, सगळ्यांना काहीतरी कळलं आणि आपल्यालाच नाही. तसं काही नसतं. ते ज्युरीने ऐकू नये म्हणूनच चाललेलं असतं, तुमच्या शेजारी बसलेल्या जन्मापासूनच्या अमेरिकन माणसालाही त्यातलं अक्षर कळत नाही.

खरा घोटाळा अवघड शब्दांनी होत नाही, तो ओळखीच्या शब्दांनी होतो. ‘चार्ज’ म्हणजे दुकानात पैसे आकारणं, पण कोर्टात तो आरोप असतो, आणि शेवटी न्यायाधीश ज्युरीला कायदा समजावून सांगतात त्यालाही ‘चार्ज’च म्हणतात. ‘सेंटेन्स’ म्हणजे शिक्षा, ‘मोशन’ म्हणजे वकिलाने कोर्टाला केलेली विनंती, ‘पार्टी’ म्हणजे खटल्यातला पक्ष, ‘एक्झिबिट’ म्हणजे पुराव्यादाखल ठेवलेली वस्तू किंवा कागद. अशी आपली छोटी वही करा. वीस-पंचवीस शब्द पुरतात.

आणि सगळ्यात चांगलं पाठ्यपुस्तक फुकट आहे. न्यू जर्सीच्या न्यायालयांच्या संकेतस्थळावर ‘मॉडेल ज्युरी चार्जेस’ आहेत, म्हणजे न्यायाधीश ज्युरीला काय सांगतात त्याचे नमुने. त्यातला ‘रीझनेबल डाउट’चा परिच्छेद काढून वाचा. सगळा पुरावा निःपक्षपणे, पूर्णपणे तपासल्यावरही आरोपीच्या दोषाबद्दल मनात उरणारी प्रामाणिक आणि सकारण अनिश्चितता, असा त्याचा आशय आहे. मग परिस्थितिजन्य पुराव्याचा नमुना वाचा. तिथे बर्फाचं उदाहरण दिलेलं सापडेल: रात्री झोपताना अंगण कोरडं होतं, सकाळी सगळीकडे बर्फ आहे, पडताना तुम्ही पाहिला नाहीत तरी रात्री बर्फ पडला हे तुम्ही धरून चालता. न्यू जर्सीत १७ हिवाळे काढलेल्या बाईला हे समजायला शब्दकोश लागणार नाही. त्या भाषेत एक-दोन वाक्यं लांब आहेत, ती मुलाकडून वाचून घ्या आणि अर्थ तुम्ही त्याला मराठीत सांगा. त्याचंही मराठी सुधारेल.

शक्य असेल तर एक दिवस सुट्टी काढून काउंटीच्या कोर्टात जाऊन बसा. खटले सहसा सर्वांसाठी खुले असतात, मागच्या बाकांवर कुणीही बसू शकतं, ‘का आलात’ असं कुणी विचारत नाही. दोन तास ऐकलंत तर शब्दांना आवाज आणि चेहरा मिळेल. हे आताच करायचं, कारण एकदा ज्युरीत निवड झाली की घरी येऊन खटल्याबद्दल शोधाशोध करायला, फोनवर शब्दाचा अर्थ पाहायलासुद्धा मनाई असते. अडलं तर न्यायाधीशांनाच विचारायचं. आणखी एक विचित्र वाटणारा नियम आहे: साक्षीदार उद्या मराठीत बोलला आणि दुभाष्याने त्याचं इंग्रजी केलं, तर तुम्ही ते इंग्रजीच धरायचं. तुम्हाला मूळ मराठी कळलं तरी आपला अर्थ खोलीत इतरांना सांगायचा नाही. भाषांतर चुकतंय असं वाटलं तर तेही कोर्टाला कळवायचं.

आता ती कोरी मतपत्रिका. ताई, यात लपवण्यासारखं काही नाही. जेवढं भरलंत तेवढं मत मोजलं जातं, बाकीचं कोरं राहिल्याने ते बाद होत नाही. बाद होतं ते सांगितल्यापेक्षा जास्त नावांवर खूण केली तर, आणि तेही त्या पदापुरतंच. पण तुम्ही इथे ज्युरीचा नियम मतदानाला लावलात, तो चूक आहे. ज्युरीला इंग्रजीची अट आहे, मतदानाला नाही. एकेकाळी होती. दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या माणसांना मतदानापासून दूर ठेवायला वाचनाच्या परीक्षा घेत. १९६५ च्या व्होटिंग राइट्स अ‍ॅक्टने त्या परीक्षांवर घाव घातला आणि १९७५ मध्ये त्या देशभर कायमच्या बंद झाल्या. माणसांनी मार खाऊन, जीव देऊन मिळवलेली ही सोय तुम्ही वापरायची नाही तर कुणी? त्याच कायद्यात अशीही तरतूद आहे, की ज्याला वाचता-लिहिता येण्यात अडचण आहे त्याने आपल्या पसंतीच्या माणसाची मदत घ्यावी. फक्त तो माणूस तुमचा मालक, मालकाचा माणूस किंवा तुमच्या युनियनचा पदाधिकारी नसावा. मुलगा चालतो, शेजारीण चालते. पोस्टाच्या मतपत्रिकेवर मदत करणाऱ्याने सही करायची जागा असते. क्वीन्समध्ये बंगालीत आणि शिकागोच्या कुक काउंटीत हिंदीत मतपत्रिका मिळते. मराठीला तो मान अजून मिळालेला नाही, म्हणून ही मदत आपल्यासाठी जास्तच कामाची.

आपल्याकडे एका वेळी एक-दोन पदं आणि ओळखीची चिन्हं. इथे चिन्ह नाही, आणि एकाच कागदावर गव्हर्नरपासून शाळेच्या बोर्डापर्यंत सगळे. गोंधळ होणारच. २०२० पर्यंत न्यू जर्सीत काउंटीच्या कारभाऱ्यांना ‘फ्रीहोल्डर’ म्हणत, आणि हे पद कसलं हे इथे जन्मलेल्या कित्येकांना सांगता येत नसे. शेवटी २०२१ पासून ते नाव बदलून ‘कमिशनर’ केलं. तेव्हा न कळणं हा तुमच्या मराठी माध्यमाचा दोष नव्हे.

निवडणुकीआधी घरी ‘सँपल बॅलट’, म्हणजे नमुना मतपत्रिका, येतो. तो कचऱ्यात टाकू नका, जेवणाच्या टेबलावर ठेवा. एका संध्याकाळी एकच चौकोन घ्या. ‘व्होट फॉर टू’ म्हणजे त्या चौकोनात जास्तीत जास्त दोन खुणा. ‘राइट-इन’ म्हणजे छापलेल्यांपैकी कुणी नको असेल तर स्वतः नाव लिहायची जागा. ‘अनएक्स्पायर्ड टर्म’ म्हणजे मध्येच रिकाम्या झालेल्या जागेचा उरलेला काळ. कधीकधी शेवटी ‘पब्लिक क्वेश्चन’, म्हणजे मतदारांनी हो किंवा नाही म्हणायचा प्रश्न असतो, २०२० मध्ये गांजा कायदेशीर करण्याबद्दल होता तसा. प्रश्न कायद्याच्या भाषेत असतो, पण त्याच्याखाली सोप्या शब्दांत खुलासा छापलेला असतो. तो आधी वाचा आणि ‘हो म्हटलं तर काय बदलेल’ एवढंच स्वतःला विचारा. पाकिटावर सही करायला विसरू नका. सही चुकली तर ‘क्युअर’ असं लिहिलेलं पत्र येतं. ते औषधाचं नाही, चूक दुरुस्त करून पाठवण्याची संधी आहे, आणि तिलाही मुदत असते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, ११ जणांच्या खोलीचा. न्यू जर्सीत फौजदारी खटल्याचा निकाल एकमताने लागतो, आणि २०२० पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने गंभीर गुन्ह्यांसाठी हा नियम सगळ्या राज्यांना लागू आहे. टिळकांच्या खटल्यातला ७ विरुद्ध २ चा निकाल आज इथे अमेरिकेत उभाच राहिला नसता. तेव्हा त्या ११ जणांना तुमच्या मताशिवाय पुढे जाता येत नाही, आणि तुम्हाला समजावून सांगणं हे त्यांचं कामच आहे. कायद्याचा मुद्दा अडला तर चिठ्ठी लिहून बाहेरच्या अधिकाऱ्याकडे द्यायची. न्यायाधीश सगळ्यांना परत कोर्टात बोलावून उत्तर देतात. एखाद्या साक्षीतलं वाक्य निसटलं असेल तर ती साक्ष पुन्हा ऐकवण्याची विनंती करता येते. अशी विनंती अस्खलित इंग्रजी बोलणारेही करतात. बोलण्याचा वेग आवरायला एक वाक्य आत्ताच तोंडात बसवून ठेवा: ‘बिफोर वुई व्होट, आय वॉन्ट टू बी शुअर आय अंडरस्टूड. कॅन वुई गो ओव्हर दॅट अगेन, स्लोली?’ हे दुसऱ्यांदा म्हणायची वेळ आली तर दुसऱ्यांदाही म्हणा.